अंधारखोलीचे आतले दार

धारूरच्या घाटाच्या तोंडाशी असलेल्या महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्र विभागाच्या अगदी टोकाला एक खोली आहे. तिला एकामागे एक अशी दोन दारे आहेत आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. बाहेरचे दार लागल्याशिवाय आतले उघडायचे नाही, आणि आतले उघडायचे ते आतल्या माणसाने सांगितल्यावरच, हा तिथला नियम. बावीस वर्षे हा नियम राखणारा परिचर म्हणजे वीरभद्र. १७ जानेवारी २०२४ रोजी सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी त्या मधल्या जागेतून रवि नावाच्या तरुण प्राध्यापकाने त्याला हाक मारली. रविने एकंदर तीन हाका मारल्या. प्रयोगाच्या नोंदवहीत त्यांतल्या दोनच लिहिल्या गेल्या. पोलिसांना दिलेल्या पहिल्या जबाबात तर एकही नव्हती. त्या तीन हाका सांगायच्या की गिळायच्या, हा प्रश्न पुढचे एकवीस दिवस वीरभद्रच्या उरावर बसून होता.

त्याला गप्प राहणे नवीन नव्हते. त्याचा बाप धारूरच्या वेशीबाहेर चुन्याची भट्टी लावत असे आणि बाजारात त्यांचे चुना-तंबाखूचे दुकान होते. वीरभद्र नऊ वर्षांचा असताना त्याने कळीच्या चुन्यावर एकदम घागरभर पाणी ओतले आणि सगळा घाणा वाया घालवला. बापाने हातातल्या थापीवरचा चुना तसाच त्याच्या तोंडावर फेकला. आईने डोळ्यांत गोडेतेल ओतले, पण उजवा डोळा आठ दिवसांत पांढरा पडला. शाळेत मास्तरांनी विचारले तेव्हा पोराने सांगितले, ‘भट्टीत पडलो.’ बाप त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोलला.

दहावीत तो नापास झाला, पण तालमीत अंग भरले. दिंद्रुडकडचे मोठे बागाईतदार आणि या शिक्षणसंस्थेचे संस्थापक विठ्ठलराव यांच्या जीपमध्ये तो मागे बसू लागला. एका निवडणुकीच्या धुमश्चक्रीत, भर बाजाराच्या दिवशी, त्याने विरोधी गटाच्या सटवा नावाच्या कार्यकर्त्याचे दोन्ही गुडघे हॉकीच्या काठीने फोडले. पहिला फटका हुकला होता, दुसऱ्याला हाड वाजले, आणि तो आवाज ऐकून त्याने तिसरा मारला. पाहणारे दोनशे लोक तरी असतील. गुन्हा नोंदला गेला, साक्षीदार मात्र एकही मिळाला नाही. सटवा आजही कुबड्यांवर चालतो. त्यानंतर दोन वर्षांनी, २००२ साली, वीरभद्र महाविद्यालयात परिचर म्हणून लागला. नेमणुकीचे कारण कागदोपत्री काही वेगळे आहे. ते कोणी खरे मानत नाही, वीरभद्रही मानत नसे.

अंधारखोली बांधून घेतली ती मोहनराव नावाच्या प्राध्यापकांनी. नेच्याच्या बीजाणूंवर त्यांचे काम चाले. नेच्याला फूल नाही, बी नाही, पानांच्या पाठीवर तपकिरी भुकटी असते, तेच बीजाणू. ते अंधारात महिनोन्महिने मुकाट पडून राहतात. ओले केले, तरी उजेड मिळेपर्यंत रुजत नाहीत. तांबड्या उजेडाची काही मिनिटे त्यांना पुरतात. म्हणूनच चुकून आत आलेली उजेडाची एक तिरीपही सगळा प्रयोग नासवते. मोहनरावांनी वीरभद्रला शिकवले की आत काय घडले ते मिनिटासकट लिहायचे. दार वाजले तर तेही लिहायचे, कारण कोणत्या धक्क्याचा परिणाम पुढे निघेल ते आधी कोणालाच ठाऊक नसते. वीरभद्र हे काम मन लावून शिकला. अंधारात त्याचे दोन्ही डोळे सारखेच होते, आणि बाहेर ज्या हातांना लोक भीत, ते हात तिथे काचेच्या बश्या न वाजवता रचत.

मोहनराव निवृत्त झाले आणि २०२० साली प्रणिता ही संशोधक विद्यार्थिनी तिथे आली. तिने किल्ल्याच्या तटावर आणि घाटाच्या कड्यांवर उगवणारी मोरशिखा निवडली. ही वीतभर उंचीची, मोराच्या तुऱ्यासारखी पाने असलेली नेच्याची जात. तिचा प्रश्न उजेडाच्या पुढचा होता. तांबडा उजेड मिळाला की बीजाणू बाहेरचे कॅल्शियम आत ओढतो. आत कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिने असतात. त्यांतले एक कॅल्मोड्युलिन, त्याला कॅल्शियम पकडायला चार जागा. त्या भरल्या की त्याचा आकार बदलतो आणि मग ते दुसऱ्या प्रथिनांना कामाला लावते. तेव्हा कुठे बीजाणू फुटतो, पहिले मूळ आणि पहिला हिरवा धागा बाहेर येतो. पण उजेड देऊन कॅल्शियमच दिले नाही तर? आणि मग ते उशिरा दिले तर? किती तासांपर्यंत बीजाणू वाट पाहतो? हे तिला मोजायचे होते.

पहिल्या वर्षी तिचे आकडे जुळेनात. ज्या बश्यांत कॅल्शियमचा कणही नको, तिथेही बीजाणू रुजत होते. तिने रसायने बदलली, बाटल्या बदलल्या, रडून झाले. शेवटी वीरभद्रने धुऊन वाळवलेली एक बशी उचलली आणि जिभेला लावली.

“मामा! काय करताय?”

“चुना हाय,” तो म्हणाला. “बोअरचं पाणी. आपल्याकडचं पाणी म्हंजे पातळ चुनाच की, ताई. तुमी शुद्ध पाण्यानं धुवा म्हणलात, मी धुतल्या. पर त्याच्यावर सवयीनं नळाखाली एक हात मारला.”

“एक वर्ष गेलं माझं.”

“माझ्या बापानं एवढ्यासाठी डोळा फोडला माझा. तुमी नुसतं रडताय.”

प्रणिता रडता रडता हसली. त्यानंतर ती त्याच्यावर भरवसा ठेवू लागली.

रवि हा युसूफ वडगावचा, वयाने अठ्ठावीस, तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवणारा. याच महाविद्यालयात शिकला म्हणून वीरभद्रला ‘मामा’ म्हणे, आणि वीरभद्र त्याला थट्टेने ‘सर’ म्हणे. प्रणिताची द्रावणे तोच तयार करून देई. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये हे तिघे मोरशिखेची पाने गोळा करायला किल्ल्यामागच्या डोंगरावर गेले होते. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला संस्थेचा सचिव अमरसिंह याची दगडखाण होती. अमरसिंह हा विठ्ठलरावांचा मुलगा. बापाने जे नजरेने करून घेतले ते मुलगा लोखंडी गजाने करून घेत असे.

प्रणिता वर कपारीत होती. रवि खालून कड्याचे मोबाईलवर चित्रण करत होता. सुरुंगाआधी वाजवायची शिट्टी वाजलीच नाही. धमाका झाला, कड्याचा एक भाग हवेत उठला आणि नारळाएवढा दगड शंभर पावलांवर शेळ्या चारणाऱ्या छबुबाईच्या डोक्यावर आला. वीरभद्र पोहोचला तेव्हा तिच्या कपाळाची एक बाजू आत गेलेली होती आणि हातातली काठी अजून घट्ट होती. दोन शेळ्याही मेल्या होत्या. तिसरी मागचे पाय ओढत ओरडत होती. खाणीवरचा पप्पू खाली आला, त्याने एक दगड उचलून त्या शेळीचे डोके चेचले आणि म्हणाला, “पाय घसरून पडली म्हातारी. काय?”

पंचनाम्यात तेच लिहिले गेले. पंच म्हणून खाली सही होती ती वीरभद्रची.

“मामा, तुमी सही केली?” रविने दुसऱ्या दिवशी विचारले.

“केली.”

“कावून?”

“मला नोकरी हाय, सर. तुमाला तासाचे पैसे हायत, तुमी बोलू शकता.”

रवि खरेच बोलला. त्याने तहसीलला अर्ज दिला आणि अर्जात लिहिले की घटनेचे चित्रण आपल्याकडे आहे. ते चित्रण त्याने दुसऱ्या कोणालाही पाठवले नव्हते. सुनावणीच्या दिवशी स्वतः हजर करीन, म्हणजे ते बनावट आहे असे कोणी म्हणणार नाही, असा त्याचा विचार होता. सुनावणी १७ जानेवारीला दुपारी दोन वाजता होती.

त्या दिवशी प्रणिता आपल्या कामाचा आढावा देण्यासाठी विद्यापीठात गेली होती. चोवीस बश्या अंधारात भिजत होत्या. त्यांना बरोबर दहा मिनिटे तांबडा उजेड देऊन, काळ्या कापडात गुंडाळून ठेवायचे काम तिने वीरभद्रवर सोपवले होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी त्याने दिवा लावला, वहीत वेळ लिहिली आणि स्टुलावर बसला. खोली रक्ताच्या रंगाची झाली. छताशी हवा खेचणारा पंखा घुमत होता.

अकरा सहाला बाहेरचे दार उघडल्याचा आणि लगेच लागल्याचा आवाज झाला. त्याच दाराची आतून कडी लावल्याचाही झाला. मग आतल्या दारावर बोटांच्या दोन टिचक्या. ही टिचकी रविची, हे त्याला विचारावे लागले नाही.

“मामा, मी हाय. येऊ का आत?”

“थांबा सर. सहा मिनटं.”

“बरं.”

हे ‘बरं’ पुढे वीरभद्रच्या कानांतून जाईना. मागे माणसे लागलेली, इमारतीत लपायला दुसरी जागा नाही, आणि तरी रविने बाहेरचे दार लावले, आतल्या दारावर टिचकी मारली आणि थांबा म्हटल्यावर तो थांबला. या खोलीत काम केलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणी असे केले नसते. बाहेरच्याने दार ढकलले असते, आणि आतल्या दाराला कुलूप नव्हते, साधी कडी होती. एका लाथेत ती निघाली असती. रविच्या मनात ते आलेही नाही.

वीरभद्रने वहीत लिहिले: ‘११.०६. दारावर आवाज. थांबण्यास सांगितले.’

दोन मिनिटांनी पुन्हा. या वेळी आवाज खालच्या पट्टीत आणि दाराच्या अगदी फटीशी.

“मामा. अमरसिंगची माणसं हायत मागं. उघडा.”

वीरभद्रने घड्याळाकडे पाहिले. हे त्याला नंतर नीट आठवत होते, की त्याने आधी दाराकडे नव्हे तर घड्याळाकडे पाहिले. महाविद्यालयाच्या आवारात, दिवसाउजेडी, वर्ग चालू असताना कोणी काय करील? दमदाटी करतील, मोबाईल हिसकावतील. आणि आता दार उघडले तर बाहेरच्या जुन्या दाराच्या फटींतला उजेड बश्यांवर पडून प्रणिताचे चार महिने गेले. “थांबा म्हणलं ना. चारच मिनटं,” तो म्हणाला, आणि हाताने तेही लिहिले: ‘११.०८. पुन्हा आवाज. थांबण्यास सांगितले.’

मग बाहेरच्या दारावर पहिला घाव बसला.

दार जुन्या सागाचे होते, तिसऱ्या घावाला फळी फुटली. त्यानंतर जे झाले ते वीरभद्रने फक्त ऐकले. त्या जागेत एकच माणूस मावतो, म्हणून ते आत शिरले नाहीत. बाहेर उभे राहून त्यांनी गज आत खुपसले, जसे बिळात खुपसतात. गज भिंतीला लागला की टणकन आवाज होई, रविला लागला की होत नसे. “मोबाईल काढ बे,” एक आवाज म्हणाला. तो अमरसिंहचा होता, अमरसिंह लहान होता तेव्हापासून ऐकलेला, शब्दाच्या शेवटी नाकात जाणारा. “काढला तर सोडतो.” मग काहीतरी फरशीवर पडले आणि टाचेखाली चुरडले गेले. “आता तोंड उघडतंय का बघ बे, पप्पू.” पुढचे चार फटके एकाच जागी बसले. दुसऱ्या फटक्याचा आवाज वीरभद्र ओळखत होता. हाड तसेच वाजते.

तो उठून दारापाशी गेला होता. हात कडीवर होता. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, रवि म्हणाला, “मामा.” विनवणी नव्हती, ओरडणेही नव्हते. कोणी घरात आहे का, असे विचारावे तसे.

कडी त्याने काढली नाही. किती वेळ काढली नाही, हे सांगता येते, कारण गजर वाजला तेव्हा अकरा बारा झाले होते. बाहेर शांतता होती. वीरभद्रने दिवा बंद केला. चोवीस बश्या एकेक करून काळ्या कापडात गुंडाळल्या. ‘११.१२. दिवा बंद’ असे लिहिले. आणि मग दार उघडले.

दाराला टेकून बसलेला रवि त्याच्या पायांवर उताणा आला. त्याला महाविद्यालयाच्या जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेताना अर्ध्या वाटेत त्याचा श्वास थांबला. डोके वीरभद्रच्या मांडीवर होते.

पोलिसांना त्याने सांगितले, “पंखा चालू हुता. काई ऐकू आलं न्हाई.” बाहेरचे दार फुटले होते, ओसरीत दोन तुकड्या विद्यार्थ्यांच्या होत्या, तरी कोणी कोणाला पाहिले नव्हते. मारेकरी अनोळखी, तोंडाला रुमाल बांधलेले, असे कागदावर आले.

युसूफ वडगावला त्यांच्या शेतात रविला बसवून माती दिली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे खड्ड्यात मांडी घालून बसवायचे होते, पण गुडघे आणि बरगड्या मोडलेल्या असल्यामुळे देह धरून राहीना. चौघांनी सावरून धरला आणि कडेने विभूती आणि माती भरत आणली. रविची थोरली बहीण शिवकांता हिने वीरभद्रला पुढे बोलावले. “तुमीच उचललंत त्याला, मामा. पयली माती तुमी घाला.” त्याने माती घातली. घरी आल्यावर तीन दिवस त्याने जितक्यांदा हात धुतले तितक्यांदा आयुष्यात धुतले नसतील.

आठवड्याने अमरसिंह स्वतः विभागात आला. भर दुपारी, सोबत पप्पू. त्याने फुटलेल्या दाराच्या जागी बसवलेले नवे लोखंडी दार दोनदा उघडून लावून पाहिले.

“वीरभद्र, डोळे किती हायत तुला?”

“एक, सायेब.”

“आन् कान?”

“दोन.”

“मंग एक जास्त झाला की बे,” अमरसिंह म्हणाला आणि हसला. “माझ्या आबांनी तुला हिथं बशिवला. सटवाच्या टायमाला तुझ्यासाठी सगळा बाजार आंधळा झाल्ता. इसरलास का?”

“न्हाई.”

“इसरू नको म्हणूनच आलो.”

पप्पूने वीरभद्रचा डावा हात धरला, करंगळी दाराच्या चौकटीत ठेवली आणि दार ओढून घेतले. करंगळी मधल्या पेरातून लोंबू लागली. वीरभद्रने आवाज केला नाही. आवाज न करणे तो फार लहानपणी शिकला होता.

“दारात सापडलं,” त्याने घरी बायकोला सांगितले.

गंगासागर दुकानावर बसून विड्याची पाने पुसत होती. तिने करंगळीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “कुणाच्या दारात?” तिने विचारले. त्याने हात नुसता पुढे केला. तिने फडक्याची पट्टी फाडली आणि जरुरीपेक्षा जास्त आवळून बांधली.

प्रणिताला खोलीत शिरू दिले ते घटनेनंतर पन्नास तासांनी. ठरलेल्या वेळी कॅल्शियम देण्याचे सारे टप्पे केव्हाच उलटून गेले होते. काही मोजायचे म्हणून नाही, पण फेकवेनात म्हणून तिने चोवीसही बश्यांत ते घातले आणि बश्या पुन्हा झाकल्या. दहा दिवसांनी ती सूक्ष्मदर्शकाशी बसली तेव्हा वीरभद्र शेजारी उभा होता.

“मामा, बघा.”

त्याने डावा डोळा लावला. तपकिरी, गोल, बंद बीजाणूंच्या गर्दीत एक फुटलेला होता. त्यातून एक रंगहीन मूळ आणि एक हिरवा धागा बाहेर आला होता.

“लई उशीर झाला तरी फुटतं का मंग?”

“माहीत नाही,” ती म्हणाली. तिला त्याला धीर द्यायचा नव्हता, फसवायचेही नव्हते. “शंभरात तीन. तुमच्या चुन्याचा अंश कुठे राहिला असेल. एखादी बशी आधीच उजेडात आली असेल. एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही. दिवा नेमका कधी बंद झाला ते बघते.”

तिने वही उघडली. वीरभद्रला थांबवता आले असते. तिने दोन ओळी वाचल्या, परत वाचल्या, आणि वही तशीच उघडी टेबलावर ठेवली.

“तुम्ही म्हणालात, पंख्यामुळे ऐकू आलं नाही.”

त्याने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

“मामा, हे अक्षर तुमचं आहे. ‘थांबण्यास सांगितले.’ दोनदा. तो तुमच्याशी बोलला?”

“बोलला.”

“आणि ते? मारणारे?”

“अमरसिंग. आन् पप्पू. आवाज वळखतो मी.”

“मग सांगत का नाही? भीती वाटते?”

“भीती वाटती,” तो म्हणाला. “पर ते न्हाई. त्यांचं नाव घ्यायचं म्हणलं तर मी कुठं हुतो ते सांगावं लागंल. दार कावून उघडलं न्हाई, ते सांगावं लागंल. शिवकांतानं मला पयली माती घालाय लावली, ताई.”

“माझ्यासाठी बंद ठेवलंत?”

“पयल्या बारीला तुमच्यासाठी.” पुढचे वाक्य त्याने तिलाही सांगितले नाही.

तिने वही त्याच्या हातात दिली. “ही मी फाडणार नाही. तुम्हीही फाडू नका. बाकी तुम्ही ठरवा.”

त्याने ठरवायला आणखी आठ दिवस घेतले. ७ फेब्रुवारीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब द्यायचे ठरले. ही बातमी कोठून फुटली ते कळायला मार्ग नाही, पण घाटाच्या दुसऱ्या वळणावर पप्पू मोटारसायकल आडवी लावून उभा होता. वीरभद्रने स्कूटर थांबवली. गजाचा पहिला फटका खांद्यावर बसला आणि हात क्षणभर बधिर झाला. पुढच्या फटक्याला त्याने गज दुसऱ्या हाताने धरला. पप्पू तिशीचा, पण तालमीत कधी न गेलेला. वीरभद्रने त्याला कमरेतून उचलून कठड्यावर आपटले, गज हिसकावला आणि खाली पडलेल्या पप्पूच्या गुडघ्यावर तोलला.

“न्हाई मामा, न्हाई,” पप्पू रडू लागला. “सायेबानं सांगितलं म्हणून. आईशप्पत.”

चोवीस वर्षांपूर्वी सटवाही असेच काहीतरी म्हणाला होता. वीरभद्रने तरीही मारले, पण गुडघ्यावर नाही. मनगटावर मारले, एकदा, गज धरणाऱ्या हातावर, आणि हाड मोडल्याची खात्री करून घेतली. मग गज स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी ठेवला आणि न्यायालयात नेऊन जमा केला, कोठे, कधी आणि कोणाकडून मिळाला या तपशिलासह.

जबाब बंद दालनात दीड तास चालला. न्यायदंडाधिकारी बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारले की तो कोणाच्या दबावाखाली बोलत आहे का. त्याने सुजलेला खांदा आणि काळी पडलेली करंगळी दाखवली आणि म्हणाला, “दबाव गप ऱ्हायला हुता.” अमरसिंहचे नाव सांगितले, त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. छबुबाईच्या पंचनाम्यावरची आपली सही खोटी होती, तेही सांगितले. वही पुढे ठेवली. रविने दोनदा हाक मारली आणि आपण दोनदा थांबण्यास सांगितले, असे तो म्हणाला. टंकलेखकाने सारे वाचून दाखवले. वीरभद्रने प्रत्येक पानावर सही केली आणि बाहेर आला.

व्हरांड्यात बाकावर शिवकांता बसली होती. प्रणिताने तिला येण्यापूर्वी वहीतल्या दोन ओळी सांगितल्या होत्या, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. तिने त्याला बसायला जागा केली नाही.

“किती बारी हाक मारली त्यानं?”

आत दिलेले उत्तर जिभेवर तयार होते. वहीतही तेच होते, आता सहीनिशी कागदावर होते, आणि अमरसिंहला अडकवायला ते पुरेसे होते. तिसऱ्या हाकेने खटल्यात काही भर पडणार नव्हती.

“तीन,” वीरभद्र म्हणाला.

“तिसऱ्या बारी काय म्हणला?”

“मामा. एवढंच.”

“मारत हुते तवा?”

“व्हय.”

“आन् तुमी?”

“दारापाशी. हात कडीवर हुता माझा. तवा बश्यांचं ध्यान नव्हतं मला. भ्यालो हुतो. नुसता भ्यालो हुतो.”

तिने मारलेली चपराक उजव्या बाजूने आली, म्हणून त्याला ती दिसली नाही. डोके भिंतीवर आपटले. दुसरी त्याला दिसली आणि त्याने मान हलवली नाही. हवालदार धावत आला, तोवर शिवकांता थांबली होती आणि आपल्याच तळव्याकडे पाहत होती.

“हे आत सांगितलंत?” तिने विचारले.

“न्हाई.”

“मंग जावा.”

वीरभद्र वळला. दालनात टंकलेखक डबा उघडण्याच्या तयारीत होता आणि न्यायदंडाधिकारी बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. तो उंबऱ्यावरच थांबला.

“सायेब, माझ्या जबाबात एक हाक कमी हाय,” तो म्हणाला. “लिहून घ्या.”

बाई त्याच्या ओठातून हनुवटीवर येणाऱ्या रक्ताकडे पाहत होत्या. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. टंकलेखकाने डब्याचे झाकण लावले आणि नुकताच बंद केलेला संगणक सुरू केला. तो सुरू व्हायला बराच वेळ लागला. बसा म्हटल्यावरही वीरभद्र तेवढा वेळ उभाच राहिला.